शीर्षासनातले हवालदार

सांगली, ११ फेब्रुवारी १९७४

बनुअक्का,

टाळत होतो, हे आधी कबूल करतो. दिवाळीच्या आधी एक आंतरदेशीय पत्र विकत घेतलं, त्यावर तुझा मुरादाबादचा पत्ता लिहिला आणि पिशवीत टाकलं. पिशवीत राहून राहून तो पत्तासुद्धा पुसट झाला. रोज म्हणायचो, उद्या लिहू. मग म्हणायला लागलो, एवढा उशीर झालाच आहे तर काहीतरी चांगलं घडल्यावरच लिहू. तसं काही घडेना. शेवटी आज वहीची पानं फाडून बसलोय. बसल्यापासून दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला आणि एकदा खाली आरडाओरडा झाला म्हणून बघायला. कुणाची तरी म्हैस सुटली होती.

तर मी जिवंत आहे आणि धडधाकट आहे. दीड वर्षापूर्वी दाजींच्या गलाईच्या दुकानातून उठलो तो हरिद्वारला गेलो. आपल्या विट्याकडची माणसं मुलखाच्या पार टोकाला जाऊन सोनं-चांदी गाळतात, दुकानं काढतात, आणि मला त्या भट्टीपुढं दोन महिने बसवलं नाही. त्या दिवसाबद्दल पुढं लिहीन. आज नको.

हरिद्वारहून ऋषीकेशला गेलो. तिथं आठ महिन्यांत मी चार आश्रम बदलले. एका आश्रमात नुसता श्वास. ह्या नाकपुडीनं घ्या, त्या नाकपुडीनं सोडा. मला तिसऱ्या दिवशी शिंका लागल्या. दुसऱ्यात नुसती आसनं, अंग रबरासारखं करून सोडायचे. तिसऱ्यात नामजप. चौथे महाराज म्हणायचे की पहिले तिघे चुकलेत, योग म्हणजे सेवा, आणि मग सकाळपासून आमच्याकडून गोठा झाडून घ्यायचे. तिथं गोरी माणसं फार. एका गोऱ्या बाईला मी भाकरी थापायला शिकवली, तिनं मला तिच्या देशाचं एक नाणं दिलं, ते कुठं पडलं कोण जाणे.

पण अक्का, शीर्षासन मला तीन दिवसांत आलं! लोकांना महिने लागतात. डोकं खाली, पाय वर, आणि मी तासभर गप्पा मारीन तसाच. त्या जोरावर परत आलो आणि साताऱ्याला योगाचा वर्ग काढला. तेवीस वर्षांच्या मला साठीतली माणसं मास्तर म्हणायची, आहेस कुठं! पण जानेवारीत सातारा सोडला. हवा मानवेना. आता इथं हरिबा मास्तरांकडे शिकतो.

दाजींना नमस्कार सांग. त्यांच्या तब्येतीचं कळव.

तुझा
कृष्णात


सांगली, १९ फेब्रुवारी १९७४

अक्का,

तुझं उत्तर यायच्या आतच दुसरं लिहितोय. एकदा सुरू झालं की थांबवत नाही, माझं सगळंच तसं आहे.

हे हरिबा मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. हळदीच्या एका वखारीत चाळीस वर्षं दिवाणजी होते. सत्तरी उलटली, अंगावर मांस नाही, आणि चालतात तर पाय वाजत नाहीत. वखारीच्या वरच्या खोलीत राहतात, मला जिन्याखालची जागा दिलीय. सगळ्याला हळदीचा वास. माझ्या शर्टाला, ह्या कागदालाही येत असेल, बघ.

पहिल्या दिवशी मी त्यांना शीर्षासन करून दाखवलं. ते बघत राहिले. म्हणाले, "छान. आता खाली निजून दाखव."

"निजून?"

"शवासन. मढ्यागत पडायचं. हात न पाय सैल, डोळे मिटून, पंधरा मिनिटं."

पडलो. कानाला माशी आली. मग आठवलं, सायकलला हवा भरायची राहिली. मग कढईचा आवाज आला, शेजारी भजी तळतायत की काय. उठून बसलो. मास्तरांनी घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं," म्हणाले. "अजून तुला योग दिसला न्हाई, कृष्णात. कसरत दिसली."

मग मी विचारलं, योग म्हणजे तरी काय? ऋषीकेशला चार जणांनी चार सांगितलं. मास्तर खिडकीतून खाली बैलगाडीकडे बोट करून म्हणाले, "ते जू बघ. जू आणि योग, शब्द एकाच मुळाचे. दोन बैल जोडतं ते जू. इथं एक बैल शरीर, दुसरा मन. तुझा एक बैल सांगलीत हाय, दुसरा कुठं हाय त्याचा पत्ता न्हाई."

हे मला लागलं, पण मी हसण्यावारी नेलं.

मग ते हळूहळू सांगायला लागले. एका दमात सांगत नाहीत, सुपारी कातरल्यासारखं एकेक तुकडा देतात. म्हणाले, हे कधी सुरू झालं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. सिंधू नदीकडं चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या मुद्रा सापडल्यात, त्यातल्या एकीवर मांडी घालून बसलेला कुणीतरी आहे. कुणी म्हणतं योगी, कुणी म्हणतं नुसता बसलाय. उपनिषदांतून इंद्रियं आवरायचं बोललंय. नंतर एका मुनीनं सगळं बारक्या बारक्या सूत्रांत बांधलं आणि आठ पायऱ्या केल्या. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. मी बोटं मोजली. म्हटलं, "म्हणजे आसन तिसरं?"

"तिसरं. आधीच्या दोन पायऱ्या तू उडी मारून वलांडल्यास."

"त्यांत काय असतं?"

"खोटं बोलू न्हाई, कुणाला इजा करू न्हाई, असलं असतं. बारकं बारकं."

मी सायकलला हवा भरायला गेलो.

प्रकार तर किती! मन आवरायचा तो राजयोग. फळाची आशा न धरता काम करायचं तो कर्मयोग, भजनात विरघळायचं तो भक्तियोग, विचारानं जायचं तो ज्ञानयोग. आणि शरीर घासून पुसून आधी नीट करायचं तो हठयोग, तो नाथपंथी जोग्यांनी वाढवला. आपल्या म्हसवडच्या सिद्धनाथाला आई नवस बोलायची, आठवतं? त्या नाथांचंच हे घराणं, असं मास्तर म्हणतात. आणि हल्ली त्यातही फाटे फुटलेत. मैसूरकडे श्वासाच्या लयीत एकाला एक जोडून आसनं करतात, घामाच्या धारा. दुसरीकडे एकच आसन पाच-पाच मिनिटं धरतात, दोऱ्या नि लाकडाचे ठोकळे लावून. कुंडलिनीवाले वेगळेच. आणि औंध संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायचे ते, अक्का, आपल्या वडिलांनी घातलेले! वडूजच्या शाळेत आपणही घातले. तू पंचवीस घालायचीस आणि मी बाराव्याला फुलपाखरामागं जायचो. मास्तरांच्या मते तो जुना हठयोग नव्हे, अलीकडचा मेळ आहे. पण मेळ चांगला आहे म्हणतात.

साताऱ्याच्या वर्गाचं सांगायचं राहिलं. वर्ग म्हणजे सतरा जण, सगळे पेन्शनीतले शिपाई. एका शाळेच्या मैदानावर पहाटे जमायचे. मी म्हणायचो, "डोळे मिटा, शांत व्हा," तर सगळे छाती काढून उभे. शेवटी त्यांच्यातले एक हवालदार, नाथाजी त्यांचं नाव, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, आसं गोड बोलून आमाला कळत न्हाई. आर्डर द्या." मग मी पलटणीतल्यासारखं सुरू केलं. "भुजंगासन में, आ! जैसे थे!" 'जैसे थे' म्हटलं की परत आधीसारखं व्हायचं. काय मजा यायची! सतरा म्हातारे एका दमात नाग व्हायचे आणि एका दमात सरळ. जो चुकेल त्याला मैदानाला फेरी. मीही चुकायचो, तर मलाही फेरी. आवाज चांगला लागायचा माझा. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची.

नाथाजी हवालदार सगळ्यांत पुढं. छप्पन्न वर्षांचे. एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहेत. गडी कसा, तर पोलादी.

थांबतो. पान संपलं.

कृष्णात


सांगली, २६ फेब्रुवारी १९७४

अक्का,

पान संपलं नव्हतं. मागची बाजू कोरी होती.

मास्तर गेले आठ दिवस रोज मला नुसतं निजवतायत. मढ्यागत पडलं की एकच गोष्ट डोळ्यापुढं येते. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पंधरा मिनिटं पडता येणार नाही. मास्तरांना काल सांगितली. आज तुला.

जानेवारीच्या वीस तारखेला मी वर्गाला शीर्षासन घातलं. तीन आठवडे भिंतीला टेकून शिकवत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीशिवाय. सतरांतले अकरा जण वर गेले. मी ओरडलो, "सावधान!" कारण पाय सरळ हवे होते. तेवढ्यात फाटकापाशी लियाकत आला. तो मोटारी दुरुस्त करतो, माझा दोस्त. नवी कोरी राजदूत मोटरसायकल घेऊन आला होता, कुणाची तरी, तपासायला आलेली.

"आरं गड्या, बस की. पवईनाक्यापातूर एक चक्कर. दोन मिन्टात आनून सोडतो."

"वर्ग चाललाय रं."

"हायेत की ते. उलटी मान्सं कुटं पळत्यात?"

आम्ही दोघं हसलो, अक्का. मी मागं बसलो.

नाक्यावर गेल्यावर तो म्हणाला, तू चालवून बघ. चालवली. मग चहा झाला. किती वेळ गेला मला माहीत नाही. पाव तास असेल.

परत आलो तर मैदानात घोळका. बाकीचे दहा जण मिनिटा-दोन मिनिटांत आपापले उतरले होते. नाथाजी उतरले नव्हते. त्यांना सगळे म्हणत होते, "हवालदार, उतरा, मास्तर गेला." तर ते खालून म्हणाले, "जैसे थे म्हनला न्हाई अजून." वीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. हुकुमानं वर गेला, हुकुमाशिवाय खाली येईना. चेहरा काळानिळा पडला तरी येईना. शेवटी तोल गेला आणि मानेवर कोसळले.

मी पोचलो तेव्हा उताणे पडले होते. उजवा हात मातीत तसाच. त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून छातीवर ठेवला. दुसऱ्याचा हात उचलावा तसा.

टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मानेचा मणका सरकून हाताच्या नसा दबल्यात, हात परत येईल की नाही आत्ता सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "ह्या वयात हे कुणी शिकवलं यांना?"

मी म्हटलं, "पाणी घेऊन येतो." तांब्या घेतला, बाहेर आलो, नळापाशी तांब्या ठेवला आणि स्टँडवर जाऊन सांगलीच्या गाडीत बसलो.

हवा मानवेना असं लिहिलं होतं ते हे.

आता दुसरं. तुला वाटत असेल की मुरादाबादला त्या दिवशी काय झालं ते मला ठाऊक नाही. दाजी म्हणाले होते, "भट्टीतली मूस लाल झाली की मला हाक मार, तोवर जागचा हलू नकोस." आणि गल्लीतून साधूंची मिरवणूक गेली, पुढं हत्ती होता. मी हत्तीमागं कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून परत फिरलोही होतो. तर आतून दाजींची किंकाळी ऐकली. दारातून बघितलं. मूस तडकली होती, चांदी त्यांच्या पायावर सांडली होती आणि तू परात टाकून धावलीस. मी सगळं बघितलं, अक्का, आणि दारातूनच वळलो. पहिल्या पत्रात 'तब्येतीचं कळव' लिहिलं. तब्येत नव्हे. पाय.

तू आई गेल्यावर मला वाढवलंस. हे वाचून तू कागद चुलीत घातलास तरी चालेल.

कृष्णात


सांगली, ११ मार्च १९७४

अक्का,

तुझं कार्ड पोचलं. तीन ओळी. "पत्रं मिळाली. ह्यांचा पाय भरला, पायताण घालून चालतात. हवालदाराचा हात कसा आहे ते का लिहिलं नाहीस?"

मला राग आला. खरं सांगतो. मी एवढं पोटातलं काढून लिहिलं आणि तू माझ्याबद्दल एक अक्षर नाही विचारलंस. कार्ड घेऊन घाटावर गेलो, कृष्णेत टाकणार होतो. तिथं एक जण पाण्यात उलटी कोलांटी मारत होता, त्याच्याशी बोलत बसलो. घंटाभरानं लक्षात आलं, का लिहिलं नाही ह्याचं उत्तर सोपं आहे. मला माहीतच नाही.

मास्तरांना कार्ड दाखवलं. त्यांनी वाचून परत दिलं. म्हणाले, "भन हुशार हाय तुजी."

"मी काय करू?"

"मला काय इचारतोस? तू शिकवनारा."

"मास्तर, टोचून बोलू नका."

मग म्हणाले, "आसन तीन गोष्टींचं आसतं. आत जानं, तिथं राहनं आणि भायर येनं. तू सगळ्यांना आत जायाला शिकवलंस. ऱ्हानं तुला सवताला येत न्हाई. आणि भायर येनं म्हंजे पळून जानं, आसं तुला वाटतं. शीर्षासनातनं उतरतात कसं, सांग बघू?"

मी सांगितलं. आधी गुडघे पोटाशी, मग पावलं जमिनीला, मग कपाळ मुठींवर ठेवून थोडा वेळ तसंच राहायचं. एकदम उठायचं नाही, चक्कर येते.

"हे त्या सतरा जनांना सांगितलं हुतंस?"

नव्हतं सांगितलं. ऋषीकेशला उतरायचं शिकवायचे तोवर मी खोलीबाहेर गेलेला असायचो, हे पुढं दुसऱ्यांचं बघून कळलं.

"आणि दुसरं," मास्तर म्हणाले, "छप्पन्नाव्या वर्षी मान्साला डोक्यावर उभं करायचंच कशाला? त्याला खुर्चीत बसवून श्वास शिकवला आस्तास तरी योगच हुता. पन त्यात रस्त्यावरची मान्सं थांबून बघत न्हाईत."

मी उद्या साताऱ्याला जातो. 'जातो' असं लिहितोय, कारण लिहिलं की तुझ्यापुढं बोलल्यासारखं होतं.

कृष्णात


सातारा, १७ मार्च १९७४

अक्का,

उद्या म्हटलं आणि चार दिवसांनी पोचलो. कऱ्हाडला उतरलो होतो. तिथं दोन दिवस संगमावर बसून होतो, काही करत नव्हतो. पण पोचलो.

नाथाजींचं घर गोडोलीच्या अंगाला आहे, दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीत ते खुर्चीवर बसले होते, गळ्याभोवती चामड्याचा पट्टा, हनुवटी वर. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला बघून मान वळवता येईना म्हणून सबंध अंग वळवलं.

"या मास्तर," म्हणाले. "आजून जैसे थे म्हनला न्हाईसा तुमी."

मला वाटलं चेष्टा आहे. चेहरा बघितला तर चेष्टाच होती, आणि नव्हतीही. त्यांच्या पायाशी बसलो.

आतून त्यांच्या मंडळी, चंद्राबाई, आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता. माझ्यापुढं नेमका ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. पानी आनायला गेलावता न्हवं? लय लांबचा नळ दिसतोय."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

नाथाजी म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नगा. चूक माजीबी हाय. धाजन म्हनत हुते उतर, मी आपला ताठ. मला वाटलं, मास्तर बगतोय कोन टिकतंय."

"मी बघत नव्हतो, हवालदार. मी मोटरसायकलवर होतो."

"ठावं हाय. लियाकत येऊन रडून गेला."

हे मला लागलं. लियाकत येऊन गेला होता.

आता हाताचं. तू विचारलंस म्हणून सगळं लिहितो. खांद्यापासून कोपरापर्यंत हलतो. मनगट उचलत नाही. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, डाव्या हातानं जेवतात आणि चंद्राबाई तेवढा वेळ दुसरीकडं बघतात. कारखान्याच्या साहेबांनी एप्रिलअखेरपर्यंत जागा धरलीय. तोवर फाटकाची साखळी दोन हातांनी ओढता आली पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस घेतील. डॉक्टर म्हणतात, नस मेली नसेल तर येईल. रोज व्यायाम पाहिजे, थोडा थोडा, चुकता कामा नये.

आणि त्यांचा मुलगा लालासाहेब, तो फौजेत आहे, तेजपूरच्याही पलीकडं. त्यानं पत्र पाठवलंय. नाथाजींनी मला वाचायला लावलं, चंद्राबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. लिहिलंय, "तो आसनवाला कुठं दिसला तर मला कळवा. रजा मिळाली की त्याचे दोन्ही पाय त्याच्या गळ्यात बांधतो." मी हे मोठ्यानं वाचलं. नाथाजी म्हणाले, "तेबी एक आसनच की वो."

रजा मात्र त्याला दिवाळीशिवाय नाही म्हणे.

पडवीत निजायला जागा दिलीय. राहतो.

कृष्णात


सातारा, ६ एप्रिल १९७४

अक्का,

वीस दिवस झाले. मी अजून इथंच आहे. ही ओळ लिहून मीच दोनदा वाचली.

सकाळी आणि दुपारी चारला कोमट पाण्यात त्यांचा हात धरतो. मग एकेक बोट. मग श्वास. श्वास आत घेताना मनगट उचलायचा विचार करायचा, सोडताना खाली. मनगट उचलत नाही, नुसता विचार. नाथाजी म्हणाले, "हे कसलं आसन?" मी म्हटलं, "मास्तर म्हणतात हाच योग, जोडायचं. हात इथं आणि तुमचं लक्ष तिथं, दोन्ही एका जुवाखाली." ते म्हणाले, "मग आर्डर द्या की." मी सांगितलं, आता आर्डर नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा सुरू करा, दमलात की तुमचे तुम्ही थांबा. हे त्यांना फार जड गेलं. पहिले दोन दिवस माझ्या तोंडाकडं बघत बसायचे, डोळ्यांनी हुकूम मागायचे. तिसऱ्या दिवशी मधेच म्हणाले, "बास. दमलो." आणि आपलं आपण थांबले. कधी नव्हे ते चंद्राबाई चुलीपुढून उठून बघायला आल्या.

माझं म्हणशील तर सगळं अंग खाजतं. एका जागी वीस दिवस! परवा लियाकत ट्रक घेऊन गोव्याला निघाला होता, म्हणाला, "चार दिसांचा सवाल हाय, चल." मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलो. हेही लपवत नाही. ट्रकमध्ये बसलो होतो, अक्का, पाय वर घेऊन. मग आठवलं, चारची पाळी बोटांची. उतरलो. लियाकत म्हणाला, "काय रं, म्हातारा झालास काय?" मी घरी पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते, आणि नाथाजींनी कोमट पाणी डाव्या हातानं स्वतःच घेतलेलं. सव्वाचार वाजले एवढंच घड्याळाकडं बघून म्हणाले.

आज सकाळी अंगठा आणि तर्जनी जुळली. जोर नाही, पण चंद्राबाईंनी मधे लुगड्याचा पदर धरला तर तो त्यांनी चिमटीत पकडला. त्या पदर सोडवेचनात. साखळी ओढायला अजून पुष्कळ आहे आणि चोवीस दिवस उरलेत. येईल की नाही, मला खरंच माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. मी रोज तेच करतोय. मास्तरांना कार्ड टाकलंय, शवासन आता अकरा मिनिटांवर आलंय म्हणून.

तुला आणखी एक विचारायचं होतं. दाजी मला उभं करतील का? उत्तर आत्ताच देऊ नकोस. इथलं एप्रिलअखेर होऊ दे, मग मी मुरादाबादला येईन, भट्टीपुढं बसायला नव्हे. त्यांच्या पायापुढं.

थांब हं. बाहेर टांगा आलाय. दुपारचं कोण

अक्का, लालासाहेब आलाय. खिडकीतून बघितलं, भिंतीवरच्या फोटोतला तोच चेहरा. खाकी कपड्यात, खांद्यावर ट्रंक, टांगेवाल्याशी बोलतोय. दिवाळी म्हणत होते! नाथाजी आत झोपलेत, त्यांना ठाऊक नाही.

चंद्राबाई आत्ता माझ्याजवळ आल्या. वीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलल्या. हळूच म्हणाल्या, "मागलं दार उघडं हाय बघा. त्याचा राग लय वंगाळ. मी सांगते गेला म्हनून, जावा."

आक्रीतच झालं. मी म्हटलं, "नको मामी. चारची पाळी आहे."

त्या कपाळाला हात लावून भाकरीकडं वळल्या आणि म्हणाल्या, "मग एक भाकरी जास्तीची टाकते. मार खाऊन भूक लागंल."

दोन्ही पाय दाराकडं नव्हे, मागं ओढ घेतायत, त्यांना सवयच आहे. त्याचे बूट पायरीवर वाजले. कडी मीच काढतो.